पागोळ्यांचा हिशेब

पाली, वाजेघर, साखर, मार्गासनी आणि वर डोंगरात विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवरच्या मंडळींनो, तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलोय. शाळेतल्या गुरुजींकडे आणि बाईंकडे तर आहेच. पण त्याहून जास्त शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांकडे, आणि चैत्र-वैशाखात हंडा-कळशी घेऊन झऱ्याची वाट तुडवणाऱ्या आयाबायांकडे आहे. येत्या मृगाच्या आधी गावच्या शाळेच्या छपराला पन्हळ लावा, तिच्या टोकाशी टाकी बांधा, आणि त्या टाकीचा हिशेब पोरांच्या हातात द्या. यातलं तिसरं काम सगळ्यात मोठं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आपल्याकडे पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणणार नाही. भोर-वेल्ह्याच्या घाटाकडच्या अंगाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, गोठ्यात धूर केल्याशिवाय जनावर उभं राहत नाही. आणि त्याच गावात मार्च उजाडला की झऱ्याची धार करंगळीएवढी होते. एप्रिलमध्ये बायका झऱ्याच्या खोबणीत वाटीनं पाणी भरतात. याचं कारण आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा खडक थरावर थर बसलेला, काळा, घट्ट. वरची माती आणि मुरूम भरेपर्यंत पाणी मुरतं, पुढचं सगळं ओढ्यानं खाली पळतं. मुरलेलं पाणीही फार दिवस थांबत नाही. थरांच्या मधे छिद्राछिद्रांचा खडक किंवा गेरूसारखा लाल पट्टा लागला की ते तिथून बाहेर फुटतं. आपले झरे बहुतेक अशाच ठिकाणी आहेत. डोंगराच्या पोटात जेवढं राहिलं तेवढं पाझरलं की संपलं.

खाली पळालेलं पाणी कुठं जातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वेळवंडीचं पाणी भाटघरला अडतं, आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूर, फलटण-माळशिरसकडे जातं. भाटघरचं धरण १९२७ मध्ये पुरं झालं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हे चाललंय. पानशेत-वरसगावचं पाणी पुणं पितं. गुंजवणीवरही आता धरण आहे. खालच्यांनी ते पाणी वापरावं, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण आपल्या छपरावर पडलेलं पाणी आपल्या लेकरांसाठी वर ठेवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते ठेवल्यानं खालचं धरण रितं राहत नाही. एवढी साधी गोष्ट आपण वर्षानुवर्षं करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं मास्तरकी केली. पाणीटंचाई मला पहिल्यांदा दिसली ती हजेरीपत्रकात. फेब्रुवारीपर्यंत ओळीनं हजर असलेल्या मुली मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा गैरहजर. सकाळची शाळा सुरू झाली की आणखी वाढ. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आईसंगं पाण्याला गेलते." मुलगे पण जायचे, पण कमी. त्या दिवसांत शाळेच्या रांजणात पाणी भरायचं कामही पोरांवरच यायचं, आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई घरून निघताना एक कळशी कमरेवर घेऊनच येत. एकदा मी तीन वर्षांची हजेरीपत्रकं समोर ठेवून मार्च-एप्रिलच्या गैरहजेऱ्या मोजल्या. झरा ज्या वर्षी लवकर आटला, त्या वर्षी गैरहजेरी लवकर सुरू झालेली. हे कळायला मला इतकी वर्षं लागली. तुमच्या शाळेतही ही पत्रकं आहेत, एकदा बघा.

मग आम्ही टाकी बांधली. कोणी बांधून दिली आणि शाळा कोणती, ते सोडा. चांगली टाकी होती, पन्हळ होती, भिंतीवर रंगवलेलं घोषवाक्य होतं. उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्या वर्षी पाणी भरलं आणि पोरांनी ते प्यायलंही. दुसऱ्या वर्षी वानरांनी छपरावरून उड्या मारून पन्हळीचा एक तुकडा पाडला. तिसऱ्या वर्षी टाकीच्या तळाशी पानांचा कुजका थर होता, पाण्याला वास यायला लागला आणि ते कोणी पिईना. चौथ्या वर्षी मी बदलून गेलो. पुढं काही वर्षांनी त्या वाटेनं गेलो तेव्हा टाकीत सरपण रचून ठेवलेलं होतं. चूक माझीही होती. मी ती टाकी बांधकाम म्हणून पाहिली. तिची वही ठेवली नाही, तिच्यावर एक धडा घेतला नाही. ती पोरांची कधी झालीच नाही. पाहुण्यांची राहिली, आणि पाहुणे परत येत नसतात.

म्हणून आता सांगतो, टाकीच्या आधी वही करा. चाळीस-पन्नास रुपयांची जाड पुठ्ठ्याची वही पुरे. पावसाळा सुरू झाला की रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजायचा आणि लिहायचा. हवामान खातं साडेआठला मोजतं, आपणही साडेआठच धरू. पाऊस मोजायला विकतचं यंत्र लागत नाही, पण एक काळजी घ्यावी लागते. भांडं वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं, सपाट बुडाचं हवं. पाण्याची बाटली बुडाशी खोलगट असते, वर निमुळती असते. ती तशीच ठेवली तर आकडा चुकतो. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाच्या खोबणी बुजेपर्यंत तळाला थोडे खडे आणि पाणी घालायचं, आणि त्या पाण्याच्या रेषेपासून वर पट्टी चिकटवायची. झाड आणि भिंत यांच्यापासून दूर, उघड्यावर, वाऱ्यानं पडणार नाही असं ठेवायचं. शनिवार-रविवारी मोजायला शाळेजवळ राहणारी दोन पोरं नेमायची. त्यांना तो मोठा मान वाटतो, हे मी पाहिलंय.

आणि तारखेशेजारी नक्षत्र लिहायचं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पाऊस नक्षत्रानं चालतो, पोरांचा मिलिमीटरनं. दोन्ही एका ओळीत आले की आजोबा आणि नातू एका वहीवर वाकून बसतात. "आवंदा आर्द्रा कोरड्या गेल्या" असं आजोबा म्हणाले की नातवानं वही उघडून खरंच किती पडला ते दाखवायचं. तालुक्याचा आकडा पेपरात येतो, पण तो तालुक्याच्या जागेचा. आपल्याकडे एका खिंडीच्या अलीकडे-पलीकडे पावसात मोठा फरक पडतो. पालीचा पाऊस पालीतच मोजावा लागेल.

आता छपराचा हिशेब. तो पोरांना असा शिकवा. अंगणात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात एक लिटर पाणी सारखं पसरलं तर ते एक मिलिमीटर उंच होईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं पोरंच करतात. दोन खोल्या आणि पडवी मिळून शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर धरू. पोरांनी टेपनं मोजायचं, अंदाजानं लिहायचं नाही. मोजताना जमिनीवरची लांबी-रुंदी घ्यायची, कारण छप्पर उतरतं असलं तरी पाऊस सरळ पडतो. हिशेबाला सोपा म्हणून पाऊस दोन हजार मिलिमीटर. शंभर गुणिले दोन हजार, दोन लाख लिटर. थोडं उडतं, थोडं सांडतं, थोडं पन्हळीवरून ओसंडतं म्हणून पाचवा हिस्सा सोडा. राहिलं एक लाख साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सोळा टँकर दर पावसाळ्यात तुमच्या शाळेच्या वळचणीला पागोळ्या होऊन पडतात आणि अंगणातून वाहून जातात.

एवढं सगळं साठवायचा हट्ट धरू नका. तो धरला की टाकी अवाढव्य होते, पैसा जमत नाही आणि काम पुढच्या वर्षावर जातं. आपल्याला लागतं किती ते आधी पाहा. चाळीस पोरांची शाळा. पिणं, हात धुणं, ताट विसळणं मिळून पोरामागं दिवसाला पाच लिटर. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मिळून शाळेचे साधारण पंचाहत्तर दिवस. चाळीस गुणिले पाच गुणिले पंचाहत्तर म्हणजे पंधरा हजार लिटर. तीन मीटर व्यासाची आणि दोन मीटरहून थोडी उंच गोल टाकी झाली. गणितातला वृत्तचितीचा धडा इथं हाताला लागतो. ही टाकी भरायला एकशेनव्वद मिलिमीटरच्या आतच पाऊस लागतो. आषाढातल्या दोन-तीन दिवसांच्या झडीचं काम.

पण आषाढात भरलेलं पाणी एप्रिलपर्यंत ठेवायचं नाही. ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिले दोन महिने छपरावरून धूळ, पाखरांची घाण, कुजकी पानं येत राहतात. त्या काळात टाकी भरा, वापरा, पुन्हा भरा. हात धुवायला, झाडांना, संडासाला. मघा सरत आल्या, म्हणजे ऑगस्टअखेर, की टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासून धुवा. मग पूर्वा आणि उत्तरा या दोन नक्षत्रांत भरून घ्या. तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं आणि पाऊसही असतो. हस्ताच्या भरवशावर राहू नका, तो कधी ढगफुटीसारखा येतो आणि कधी तोंडही दाखवत नाही. टाकी भरली की झाकण लावा, कुलूप घाला आणि झरा-विहीर चालू आहे तोवर उघडू नका. फेब्रुवारीत उघडायची.

पन्हळीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. उतार मीटरला एक सेंटिमीटर. आपल्याकडचा वारा ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको, पण पकडी दोन-दोन फुटांवर हव्यात आणि त्या लाकडात-लोखंडात घट्ट हव्यात. चार फुटांवर ठोकलेली पन्हळ पहिल्या वादळात जाते. वानरं असतील तिथं तर पकडी आणखी जवळ लागतात. पन्हळ आणि टाकी यांच्यामधे, तळाला तोटी असलेलं, दोनशे लिटरचं एक पिंप बसवा. पावसाळ्याचं पहिलं पाणी आणि मोठ्या उघडीपीनंतरची पहिली सर या पिंपात जाते. शंभर चौरस मीटर छपरावरचे पहिले दोन मिलिमीटर त्यात मावतात, बरीचशी धूळ त्याबरोबर येते. पिंप भरलं की वरच्या तोंडानं पाणी पुढं गाळणीत. गाळणीत खाली गोटे, वर बारीक खडी, त्यावर धुतलेली वाळू. ही वाळू दर पावसाळ्यापूर्वी काढून धुवायची, ती तशीच वर्षानुवर्षं ठेवली तर गाळणीच पाणी घाण करते. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. ओसंडायच्या पाइपाला बारीक जाळी हवी, नाहीतर डास अंडी घालतात. बुडाखालची जमीन मूळची कडक हवी. पंधरा हजार लिटर पाणी म्हणजे पंधरा टन वजन, ते भरावाच्या मातीवर ठेवलं तर टाकीला तडा जाणारच. आणि झाकणाला कुलूप, यात तडजोड करू नका. शाळेच्या आवारात उघडी टाकी म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ.

टाकी कसली बांधायची यावर मी फार अडून बसणार नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या जोडून काम भागतं. दगडी बांधकाम करणारे कारागीर गावात असतील तर दगडी टाकीही चालेल. फेरोसिमेंटची टाकी, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ गिलावा, कमी सामानात होते आणि गावची पोरं ती शिकू शकतात. मुंबईच्या जलवर्धिनी प्रतिष्ठानचे अभियंता उल्हास परांजपे यांनी अशा कमी खर्चाच्या टाक्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केलाय, गावकऱ्यांना त्या बांधायला शिकवलंय. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं शाळांच्या छपरांवरचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत उतरवलं, आणि तिथं पाऊस आपल्या पाव हिश्शाच्या आसपासच आहे.

जुन्या शाळांवर सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे आहेत, काही ठिकाणी ते फुटलेले, भुगा सुटणारे. त्यांचं पाणी प्यायला साठवू नका, झाडांना आणि संडासाला वापरा. कौलारू छपराचं पाणी चालतं, पण कौलांवरचं शेवाळ मृगाआधी खरवडून काढावं लागतं.

पिण्याच्या पाण्याबद्दल म्हातारी माणसं म्हणतात, पावसाचं पाणी बाधतं. त्यांना हसू नका. पहिल्या पावसाचं पाणी बाधतंच, त्यात काय काय असतं ते वर सांगितलं. धुतलेल्या छपराचं, गाळलेलं, अंधारात झाकून ठेवलेलं पाणी वेगळं. तरीही ते तसंच प्यायला देऊ नका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, त्याला बोलवा. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल पावडर पडते, ती त्याच्याकडून मोजून टाकून घ्या, अर्धा तास थांबा आणि ओटी चाचणी पोरांच्या समोर करा. नळीतलं पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पोरांनी ही चाचणी एकदा पाहिली की घरच्या पाण्याचीही करा म्हणून मागं लागतात. वर्षातून दोनदा पाण्याचा नमुना तपासणीला द्या.

टाकी भरल्यावर ओसंडणारं पाणी जमिनीत मुरवावं असं सगळे सांगतात, मीही सांगतो, पण जागा पाहून. शाळेच्या पायाला लागून खड्डा नको. आणि तीव्र उतारावर, खाली घरं असतील तिथं, पाणी मुरवायचे खड्डे मुळीच खणू नका. ३० जुलै २०१४ ला याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. मुसळधार पावसात पाण्यानं फुगलेला उतार काय करतो हे आपण पाहिलंय. अशा ठिकाणी ओसंडणारं पाणी धरून बंद वाटेनं ओढ्याला सोडणंच शहाणपणाचं. खाली सपाटीला विहीर असेल तर तिच्या वरच्या अंगाला, अंतर ठेवून शोषखड्डा करा.

पोरांना हे सगळं शिकवायला लांब न्यायला नको. वर राजगड आहे. पाली दरवाजाची वाट तुमच्या गावातूनच चढते. शिवाजी महाराजांनी पंचवीसएक वर्षं इथून राज्य चालवलं. एवढी राजधानी, शिबंदी, घोडी, कारखाने, आणि गडावर एकही नदी नाही. पद्मावती माचीवरचं तळं, खडकात खोदलेली टाकी, बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं, सगळं पावसाचं आणि पाझराचं पाणी. पोरांना गडावर न्याल तेव्हा दरवाजे आणि बुरूज दाखवाच, पण एक दिवस फक्त पाण्यासाठी न्या. टाकं कुठं खोदलंय, पाणी कोणत्या उतारानं त्यात येतं, गाळ कुठं बसतो, भरल्यावर कुठून बाहेर पडतं, हे चारच प्रश्न द्या आणि कागदावर काढायला सांगा. शाळेच्या छपराला, पन्हळीला, पिंपाला आणि ओसंडायच्या पाइपाला लागणारी सगळी अक्कल त्या कातळात कोरलेली आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जे सांगितलंय त्यात पाण्याचा विचार आधी येतो. जागा ठरवताना आधी पाणी पाहावं, नसेल आणि गड बांधणं भागच असेल तर खडक फोडून टाकी बांधावी. गडावर एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. म्हणून साठवणीची टाकी वेगळी राखावी, त्यांचं पाणी एरवी खर्चू नये. फेब्रुवारीपर्यंत टाकीला कुलूप ठेवा असं मी वर म्हटलं ते याच रिवाजातलं. आपल्या शाळेला तोफांचा धोका नाही, पण झरा दर वर्षी आटतोच आहे.

तो झराही पोरांनी मोजायला हवा. दर पंधरा दिवसांनी दहा लिटरची बादली धारेखाली धरायची आणि किती सेकंदांत भरते ते लिहायचं. दिवाळीत आणि शिमग्याला बादली भरायला किती वेळ लागला ते शेजारी शेजारी लिहिलं की पोरांना जे समजतं ते पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रातून समजत नाही. विहीर असेल तर दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. आज्जीला विचारायचं की ७२ च्या दुष्काळात पाणी कुठून आणलं, तेव्हा वाहणारा कोणता झरा आता आटलाय, त्याच्या वरच्या अंगाचं रान कधी तुटलं. तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ हा विषयच आहे. पर्यावरणाचं शिक्षण सगळ्या शाळांतून द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलं. तेव्हा गुरुजी-बाईंनी हे जादा काम समजू नये. वही, बादली, टेप आणि टाकी यांवर परिसर अभ्यास, गणित, विज्ञान आणि भाषा या सगळ्यांचे तास होतात, आणि ज्या पोराला फळ्यावरचा गुणाकार जमत नाही त्याला लिटरचा जमतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

पाणी वाटायचं कसं, हेही पोरांनीच ठरवावं. शेजारच्या पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यांनी पाणी जमिनीच्या मापानं दिलं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं दिलं, आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा ठेवला. शाळेच्या टाकीला हाच कायदा लावा. पोरामागं पाच लिटर, मग ते पोर गावठाणातलं असो की वरच्या धनगरवाड्यातून तासभर चालत येणारं असो. टाकीवर पट्टी रंगवा, दर सोमवारी पाण्याची उंची वाचा, उरलेले दिवस आणि उरलेले लिटर यांचा भागाकार फळ्यावर लिहा. पाणी जास्त खर्चलं तर पोरं आपसांत बोलतात, गुरुजींना ओरडावं लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत उरलेलं पाणी कुणाला द्यायचं हे मात्र आधी ठरवा. अंगणवाडीला की आजारी-म्हाताऱ्यांच्या घरांना, ते गावानं ठरवावं. न ठरवलं तर किल्ली ज्याच्याकडे त्याचं पाणी होतं, आणि भांडण लागतं.

पैशाबद्दल. शाळेत पिण्याचं पाणी असणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, ते कुणाचे उपकार नाहीत. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला, आणि त्या कामांत पावसाचं पाणी साठवणं नावानिशी होतं. तुमच्या पंचायतीत कोणत्या निधीतून काय शिल्लक आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, विचारा. तोंडी विचारू नका, व्यवस्थापन समितीचा ठराव करून लेखी विचारा. सोबत पोरांचा छपराचा हिशेब आणि हजेरीपत्रकातल्या मार्च-एप्रिलच्या गैरहजेऱ्या जोडा. नुसती मागणी बाजूला पडते, आकड्यांचा कागद सहसा पडत नाही. घरोघरी एक दिवस श्रमदान मिळालं तर खड्डा, पाया, दगड-वाळू वाहणं एवढा खर्च वाचतो. पुण्याकडे नोकरीला गेलेल्या पोरांनाही सांगा, ती गणपतीला गावी येतात तेव्हा टाकी धुवायची वेळ जवळच असते.

१ मेला ग्रामसभा असते. तिथं मोठ्या माणसांनी बोलण्याआधी पाचवीतली एखादी मुलगी उभी करा आणि तिला छपराचा हिशेब वाचू द्या. ठराव झाला की मृगापर्यंत पाच आठवडे हातात राहतात. टाकी तेवढ्यात नाही झाली तरी पन्हळ आणि पिंप होतं, आणि वही तर उद्याच होते. पन्हळ लावायला चढताना शिडी एकानं धरून ठेवा, कौलांवर पाय देऊ नका. ७ जूनच्या आत छप्पर झाडून घ्या, बाटली उघड्यावर पुरा, आणि पिंपाच्या तळाची तोटी ज्या पोराच्या ताब्यात दिली आहे त्याला पुन्हा एकदा सांगा, पहिल्या सरीचं पाणी त्यात भरू दे, सर थांबली की तोटी सोडून ते झाडांना घाल, आणि पुढच्या सरीच्या आत बंद कर.